मायक्रोॲरेने जनुकांची अभिव्यक्ती कशी अभ्यासावी: द्राक्षमण्याच्या उदाहरणासह

एकाच वेलीच्या पानात, मुळात आणि मण्याच्या सालीत जनुके बहुतांशी सारखीच असतात. फरक पडतो तो कोणते जनुक केव्हा आणि किती प्रमाणात वापरले जाते याने. जनुक वापरात असले की त्याच्या एमआरएनए (संदेशवाहक आरएनए) प्रती तयार होतात, आणि अशा हजारो एमआरएनएंचे प्रमाण एकाच वेळी मोजण्याचे साधन म्हणजे मायक्रोॲरे. काचेच्या लहानशा पट्टीवर ठरावीक जागी डीएनएचे आखूड धागे बसवलेले असतात. त्यांना प्रोब म्हणतात आणि प्रत्येक प्रोब एका विशिष्ट जनुकाला पूरक असतो. नमुन्यातील आरएनएपासून रंगद्रव्य जोडलेली प्रत तयार करून पट्टीवर सोडली की ती आपापल्या पूरक प्रोबला चिकटते, आणि स्कॅनरमध्ये त्या जागेची चमक मोजून त्या जनुकाच्या वापराचा अंदाज घेता येतो. १९९५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील मार्क शेना, पॅट्रिक ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲरॅबिडॉप्सिस या लहान वनस्पतीच्या ४५ जनुकांवर ही पद्धत दाखवली. १९९७ मध्ये ब्राउन यांच्याच प्रयोगशाळेतून यीस्टच्या जवळजवळ सर्व जनुकांचा असा अभ्यास प्रसिद्ध झाला.

हा लेख नाशिक परिसरातील महाविद्यालयांत जैवतंत्रज्ञान, वनस्पतिशास्त्र किंवा कृषी विषयात पदव्युत्तर प्रकल्प करू पाहणाऱ्यांसाठी आहे. उदाहरण मुद्दाम जवळचे घेतले आहे. थॉम्पसन सीडलेस या द्राक्षवाणाच्या घडांना जिब्रेलिक आम्ल या वाढ-संप्रेरकाचे, म्हणजे बागेतल्या बोलीत ‘जीए’चे, डिपिंग केल्यावर (घड त्याच्या द्रावणात बुडवल्यावर) मण्यातील कोणत्या जनुकांची अभिव्यक्ती बदलते, हा आपला प्रश्न. दिंडोरी आणि निफाड तालुक्यांतील बागायतदारांना डिपिंगने मणी फुगतो हे सांगावे लागत नाही. मण्याच्या पेशीत पहिल्या काही तासांत काय घडते, हे मात्र डोळ्यांना दिसत नाही.

मायक्रोॲरेच का, हा विचार आधी करावा

आज नव्याने सुरू होणाऱ्या बहुतेक अभ्यासांत आरएनए-सिक्वेन्सिंग, म्हणजे आरएनएचा अक्षरक्रम थेट वाचून मोजणे, वापरले जाते, आणि ज्या पिकाची चिप (तयार मायक्रोॲरे पट्टी) उपलब्ध नाही त्यासाठी तोच मार्ग योग्य आहे. सिक्वेन्सिंगला कोणते जनुक मोजायचे हे आधी ठरवावे लागत नाही. मायक्रोॲरे मात्र पट्टीवर ज्यांचे प्रोब आहेत तेवढ्याच जनुकांविषयी बोलतो. तरीही ही पद्धत शिकण्याची दोन सबळ कारणे आहेत. जुन्या अभ्यासांची प्रचंड माहिती सार्वजनिक संग्रहांत मोफत उपलब्ध असून ती वाचता आली नाही तर त्या काळातील संशोधन आपल्याला बंदच राहते. शिवाय नमुन्यांची संख्या ठरवणे, नॉर्मलायझेशन (वेगवेगळ्या ॲरेंची मापने एका पातळीवर आणणे), एकाच वेळी केलेल्या हजारो चाचण्यांतील योगायोगाची दुरुस्ती हे प्रश्न दोन्ही पद्धतींत सारखेच आहेत, आणि मायक्रोॲरेची माहिती साध्या संगणकावर हाताळता येत असल्यामुळे ते तेथे स्वस्तात शिकता येतात.

चिप निवडताना प्रोबची लांबी पाहावी. ॲफिमेट्रिक्सच्या जीनचिपवर प्रोब २५ न्यूक्लिओटाइडचे असतात आणि एका जनुकासाठी असे अनेक प्रोब मिळून एक संच होतो. ॲजिलंटच्या पट्टीवर ६० न्यूक्लिओटाइडचे प्रोब शाई छापावी तसे थेंब टाकून जागच्या जागी तयार केलेले असतात. द्राक्षाच्या अभ्यासात हा फरक महत्त्वाचा ठरतो. २००७ मध्ये द्राक्षाचा जो संदर्भ जनुकसंच प्रसिद्ध झाला तो पिनो न्वार या वाणापासून निपजलेल्या एका वेलीचा होता, आणि आपली वेल थॉम्पसन सीडलेसची आहे. दोन वाणांत एखाद्या जागी एका अक्षराचा फरक असला तर २५ अक्षरांच्या प्रोबवरील पकड लक्षणीय सैल होऊ शकते; ६० अक्षरांचा प्रोब तेवढा फरक सहज पचवतो. म्हणून दोन वेगवेगळ्या वाणांची थेट तुलना करणाऱ्या प्रकल्पात आखूड प्रोबच्या चिपवरील ‘कमी अभिव्यक्ती’ ही पुष्कळदा केवळ न जुळलेली अक्षरे असतात. आपण एकाच वाणातील डिपिंग केलेले आणि न केलेले घड तोलणार असल्यामुळे ही अडचण दोन्ही बाजूंना सारखीच लागू होते आणि तुलनेपुरती निघून जाते.

द्राक्षासाठी ॲफिमेट्रिक्सची तयार चिप १५ हजारांहून अधिक ट्रान्सक्रिप्टसाठी (जनुकांच्या आरएनए प्रतींसाठी) होती. जनुकसंच प्रसिद्ध होण्याआधीच्या माहितीवर ती बेतलेली असल्याने द्राक्षाची सगळी जनुके तीवर नाहीत. ॲजिलंटच्या पद्धतीत संशोधकाला हवे ते प्रोब निवडून पट्टी छापून घेता येते. पुढील वर्णनात एका काचेवर आठ स्वतंत्र ॲरे असलेली, प्रत्येक ॲरेवर सुमारे ६० हजार प्रोबची जागा असलेली ॲजिलंटची रचना गृहीत धरली आहे.

आराखडा: सर्वांत जास्त वेळ येथे द्यावा

माझ्या मते मायक्रोॲरेच्या प्रयोगाचे यशापयश चिपचे खोके उघडण्याच्या आधीच ठरलेले असते. स्कॅनरने मोजलेली चमक कितीही अचूक असली, तरी चुकीच्या तुलनेतून योग्य उत्तर निघत नाही, आणि आराखड्यातील चूक नंतर कोणत्याही संख्याशास्त्राने दुरुस्त होत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे नियंत्रण गट. डिपिंग केलेला घड आणि काहीही न केलेला घड यांची तुलना करणे हे बरोबर वाटते, पण जीएची पावडर थेट पाण्यात नीट विरघळत नाही; ती आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून मग पाण्यात मिसळतात, आणि द्रावण मण्यावर पसरावे म्हणून काही जण त्यात स्टिकरही घालतात. त्यामुळे नियंत्रणाचे घड तेवढेच अल्कोहोल आणि तेवढेच स्टिकर घातलेल्या, परंतु जीए नसलेल्या पाण्यात तेवढाच वेळ बुडवले पाहिजेत. असे न केल्यास घड हाताळण्याचा, भिजण्याचा आणि अल्कोहोलचा परिणाम जीएच्या नावावर जमा होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे पुनरावृत्ती कशाची करायची. एका वेलीचे बारा घड तोडून बारा नमुने केले तर ते बारा पुरावे होत नाहीत. ती एकच वेल बारा वेळा मोजलेली असते. तसेच एकाच आरएनएचे दोन भाग करून दोन ॲरेवर घातले तर यंत्राची अचूकता कळते, द्राक्षाविषयी काही कळत नाही. निष्कर्ष ‘थॉम्पसनच्या बागांमध्ये’ लागू व्हावा असे वाटत असेल तर पुनरावृत्ती बागांचीच हवी. माझी शिफारस अशी की चार बागा घ्याव्यात, प्रत्येक बागेत काही वेलींवर डिपिंग करावे आणि त्याच बागेतील तशाच वेली नियंत्रणासाठी ठेवाव्यात. प्रत्येक गटातील पाच-सहा वेलींचे मणी एकत्र करून त्या बागेचा एक नमुना करावा. चार बागा आणि दोन गट म्हणजे आठ नमुने. एका काचेवरच्या आठ ॲरेमध्ये ते नेमके बसतात.

या मांडणीचे खरे बळ जोडीत आहे. बागांचे खुंट वेगळे असू शकतात, एखादी डॉगरिज या खुंटावर कलम केलेली असेल आणि एखादी स्वमुळावर, माती आणि पाणी निराळे असेल, छाटणीची तारीख पुढेमागे असेल. पण प्रत्येक बागेत दोन्ही गट असल्यामुळे हे सगळे फरक दोन्ही गटांना सारखे लागू होतात आणि विश्लेषणात वेगळे काढता येतात. याउलट डिपिंगचे नमुने दिंडोरीच्या बागेतून आणि नियंत्रणाचे नमुने निफाडच्या बागेतून आणले तर जीएचा परिणाम आणि बागेचा परिणाम एकमेकांत असे मिसळतात की नंतर कोणीही ते वेगळे करू शकत नाही. सोयीसाठी असा आराखडा करण्याचा मोह होतो, कारण एका बागायतदाराने फवारणी आणि डिपिंग आधीच उरकलेले असते आणि दुसऱ्याचे राहिलेले असते. तो मोह टाळावा.

हाच न्याय प्रयोगशाळेतही लागू करावा. डिपिंगच्या चारही नमुन्यांचे आरएनए सोमवारी आणि नियंत्रणाचे मंगळवारी काढले तर वार हाही उपचाराचा भाग होऊन बसतो. दररोज दोन्ही गटांचे सारखे नमुने घ्यावेत, आणि काचेवरील आठ जागा चिठ्ठ्या टाकून वाटाव्यात.

बागेतून नमुना आणणे

ऑक्टोबर छाटणीच्या बागेत मणी तीन ते चार मिलिमीटरचे झाले की डिपिंगची वेळ येते, आणि नेमकी हीच अवस्था प्रयोगासाठी सोयीची असते. चारही बागा दिवस मोजून एका अवस्थेत येणार नाहीत, म्हणून तारीख न पाहता मण्याचा व्यास कॅलिपरने मोजून डिपिंगचा दिवस ठरवावा. डिपिंगनंतर किती तासांनी नमुना घ्यायचा हे प्रश्नावर अवलंबून आहे. सहा किंवा चोवीस तासांनी घेतल्यास संप्रेरकाला मिळालेला पहिला प्रतिसाद दिसतो; दहा दिवसांनी घेतल्यास डिपिंगचे मणी मुळातच मोठे झालेले असतात आणि दिसणारा फरक जीएचा की मण्याच्या वाढलेल्या वयाचा हे सांगता येत नाही. पहिल्या प्रकल्पासाठी एकच वेळ घ्यावी, चोवीस तास. वेळा वाढवल्या की नमुने दुप्पट-तिप्पट होतात आणि खर्चापायी मग बागांच्या संख्येला कात्री लागते.

घड्याळही सांभाळावे लागते. वनस्पतीतील पुष्कळ जनुकांची अभिव्यक्ती दिवसाच्या वेळेनुसार चढते-उतरते, त्यामुळे एका बागेत सकाळी नऊला आणि दुसऱ्या बागेत दुपारी तीनला नमुने घेऊ नयेत. एकाच बागेतील दोन गटांत तर अजिबातच अंतर पडू देऊ नये. पिंपळगाव बसवंतची बाग आणि दिंडोरीची बाग एकाच सकाळी गाठणे जमत नसेल तर वेगवेगळ्या दिवशी, पण त्याच वेळी जावे.

मणी तोडल्यापासून आरएनए बदलू लागतो, कारण तोडणे हाच पेशीसाठी एक आघात असतो. म्हणून मणी कात्रीने कापून लगेच उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनमध्ये टाकावेत. बर्फाच्या डब्यात घालून शहरात आणणे पुरेसे नाही. द्रव नायट्रोजनचा कॅन ग्रामीण भागाला अनोळखी नाही, जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी तो गावोगाव फिरतो, त्यामुळे तो कसा हाताळायचा हे शिकवणारा माणूस पशुवैद्यकीय दवाखान्यात सहसा भेटतो. कॅनचे झाकण घट्ट बंद करू नये, आणि तो गाडीतून आणताना काचा उघड्या ठेवाव्यात, कारण बाष्परूप नायट्रोजन बंद गाडीतील ऑक्सिजनची जागा घेतो. नळीवर बागेचे सांकेतिक नाव, गट आणि वेळ आधीच लिहून ठेवावी आणि गारठ्यात न पुसणारे पेन वापरावे. प्रयोगशाळेत आल्यावर नमुने उणे ८० अंशांत ठेवावेत आणि एकदाही वितळू देऊ नयेत.

बागेची नोंदवही याच वेळी भरावी: वाण, खुंट, छाटणीची तारीख, मागील पंधरवड्यातील फवारण्या, पाऊस झाला असल्यास तो, आणि भुरी किंवा केवडा दिसत असल्यास त्याची नोंद. केवडा लागलेल्या घडातून काढलेल्या आरएनएमध्ये रोगकारक जीवाचाही आरएनए मिसळलेला असतो आणि वेलीची रोगप्रतिकाराची जनुके पेटलेली असतात. असे घड दोन्ही गटांतून वगळावेत.

आरएनए काढणे

द्राक्ष हे आरएनए काढण्यासाठी त्रासदायक पीक आहे. मण्यात पॉलिफिनॉल आणि पॉलिसॅकराइड भरपूर असतात. पॉलिफिनॉलचे ऑक्सिडीकरण होऊन ते आरएनएला चिकटतात आणि पॉलिसॅकराइड आरएनएबरोबरच खाली बसून चिकट गोळा तयार करतात. त्यामुळे प्राण्यांच्या पेशींसाठी सर्रास वापरली जाणारी फिनॉल-ग्वानिडिनची तयार अभिकर्मके येथे निराशा करतात. सीटॅब या डिटर्जंटच्या बफरची पद्धत येथे जास्त भरवशाची आहे. बफरमध्ये पॉलिफिनॉलला धरून ठेवण्यासाठी पीव्हीपी आणि ऑक्सिडीकरण रोखण्यासाठी बीटा-मरकॅप्टोइथेनॉल घालतात, द्रव नायट्रोजनमध्ये दळलेली पूड ६५ अंशांच्या बफरमध्ये टाकतात, क्लोरोफॉर्म आणि आयसोअमाइल अल्कोहोलच्या २४:१ मिश्रणाने दोनदा धुतात आणि लिथियम क्लोराइड घालून चार अंशांवर रात्रभर ठेवतात. लिथियम क्लोराइडने आरएनए खाली बसतो, तर डीएनए आणि बरीचशी शर्करायुक्त द्रव्ये द्रावणात राहतात. मरकॅप्टोइथेनॉल आणि क्लोरोफॉर्म यांचे काम फ्यूम हुडमध्येच करावे. शेवटी डीएनएझ या डीएनए तोडणाऱ्या विकराची प्रक्रिया करावी, कारण उरलेला डीएनए मापात आरएनए म्हणूनच धरला जातो.

आरएनएझ हे आरएनए तोडणारे विकर हातावर, टेबलावर, सगळीकडे असते आणि ते उकळूनही सहज मरत नाही. हातमोजे वारंवार बदलावेत, पाणी ०.१ टक्का डीईपीसी (आरएनएझ निकामी करणारे रसायन) घालून रात्रभर ठेवून मग ऑटोक्लेव्ह करावे. ट्रिस असलेल्या बफरमध्ये मात्र डीईपीसी घालू नये, ते ट्रिसशीच अभिक्रिया करून निकामी होते. असे बफर डीईपीसीने शुद्ध केलेल्या पाण्यात तयार करावेत.

मग तपासणी. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर २६० आणि २८० नॅनोमीटरचे गुणोत्तर २.० च्या आसपास आणि २६० व २३० चे १.८ च्या वर हवे. दुसरे गुणोत्तर द्राक्षात हमखास खाली येते आणि ते उरलेल्या पॉलिफिनॉल, पॉलिसॅकराइडची चुगली करते. हे यंत्र आरएनए शुद्ध आहे का ते सांगते, अखंड आहे का ते सांगत नाही. अखंडतेसाठी बायोॲनालायझर या यंत्रावर आरआयएन (आरएनए अखंडता अंक) हा १ ते १० मधला अंक मिळतो आणि ७ च्या वरचा नमुना पुढे न्यावा असा सर्वसाधारण दंडक आहे. हिरव्या ऊतीत हरितलवकांचे रायबोसोमल आरएनएही आलेखावर जादा शिखरे दाखवतात आणि यंत्र त्यांना तुटलेले तुकडे समजून अंक कमी देऊ शकते. म्हणून केवळ अंकावर न थांबता आलेख डोळ्यांनी पाहावा. एका गटाचे नमुने ९ आणि दुसऱ्याचे ६.५ असतील तर, सरासरी ठीक असली तरी, ते पुढे नेऊ नयेत: आरएनए तुटण्यातला फरकच जनुकांचा फरक म्हणून दिसेल.

रंग जोडणे, हायब्रिडायझेशन, स्कॅन

हा भाग बहुतेक विद्यार्थी स्वतः करणार नाहीत. हायब्रिडायझेशनची (रंगीत प्रती प्रोबला चिकटवण्याची) भट्टी आणि स्कॅनर असलेल्या सेवा प्रयोगशाळेकडे कोरड्या बर्फात आरएनए पाठवला जातो. तरीही तेथे काय होते हे माहीत असावे, म्हणजे काय मागायचे ते कळते.

एमआरएनएच्या शेपटाला ॲडेनिनची रांग असते. तिला पकडणारा आणि दुसऱ्या टोकाला टी७ प्रमोटर जोडलेला प्रायमर वापरून आधी डीएनए प्रत करतात आणि मग टी७ पॉलिमरेझने तिच्यापासून असंख्य आरएनए प्रती (सीआरएनए) काढतात. त्या बनत असतानाच सायनिन-३ हे रंगद्रव्य त्यांत बसवले जाते. त्यामुळे सुरुवातीला शंभर-दोनशे नॅनोग्रॅम आरएनएही पुरतो. दोन रंगांच्या पद्धतीत एका नमुन्याला सायनिन-३ आणि दुसऱ्याला सायनिन-५ जोडून दोन्ही एकाच ॲरेवर सोडतात. ती घेतल्यास काही जोड्यांत रंगांची अदलाबदल करणे अनिवार्य आहे, कारण दोन्ही रंगद्रव्ये प्रत्येक जनुकात सारख्याच प्रमाणात बसत नाहीत. शिवाय सायनिन-५ हवेतील ओझोनने फिके पडते. नवख्याने एक रंग घ्यावा.

सीआरएनएचे तुकडे करून तो ॲरेवर घालतात आणि ६५ अंशांवर १७ तास फिरवत ठेवतात. नंतर धुण्याची दोन बफरे, वाळवणे आणि लगेच स्कॅन. सेवा प्रयोगशाळेकडून तीन गोष्टी आवर्जून मागाव्यात: प्रत्येक ॲरेचे मूळ चित्र, प्रत्येक ठिपक्याचे कच्चे मापन असलेली फाइल, आणि गुणवत्ता अहवाल. केवळ ‘बदललेल्या जनुकांची यादी’ एक्सेलमध्ये स्वीकारू नये. त्या यादीमागचे निर्णय तपासता येत नाहीत आणि पुढे माहिती संग्रहात जमा करतानाही कच्च्या फाइली लागतातच.

आलेल्या माहितीची छाननी

विश्लेषणासाठी आर ही मोफत संगणकभाषा आणि तीवरील बायोकंडक्टर हा २००१ पासून चालू असलेला प्रकल्प पुरेसा आहे. त्यातील लिम्मा हे पॅकेज एक-रंगी, दोन-रंगी, दोन्ही प्रकार हाताळते. आकडे पाहण्यापूर्वी चित्रे पाहावीत. काचेवर ओरखडा, बुडबुड्याचा गोल डाग किंवा एका कडेला गडद पट्टा दिसतो का ते पाहावे. काही ठिपके मापनाच्या कमाल मर्यादेला टेकलेले असतील तर त्या जनुकांतील फरक कळणार नाही.

यानंतर सर्व मापने २ या पायाच्या लॉगॅरिदममध्ये आणतात. त्यामुळे दुप्पट होणे +१ आणि निम्मे होणे −१ असे सममित दिसते. मग पार्श्वभूमीची चमक वजा करणे आणि नॉर्मलायझेशन येते. एका ॲरेवर रंग जरा जास्त बसला म्हणून त्या बागेची सगळीच जनुके जास्त सक्रिय ठरू नयेत, यासाठी आठही ॲरेंच्या मापनांचे वितरण एकसारखे केले जाते. क्वांटाइल नॉर्मलायझेशन ही त्याची प्रचलित रीत आहे. या रीतीत एक गृहीतक दडलेले असते: बहुसंख्य जनुकांत फरक नाही आणि वाढणारी व घटणारी जनुके साधारण तुल्यबळ आहेत. चोवीस तासांच्या जीए प्रयोगात ते मान्य करण्यासारखे आहे. पण पान आणि मूळ, किंवा कोवळा मणी आणि पाणी उतरलेला मणी यांची तुलना करताना हे गृहीतक डळमळते, आणि तेव्हा बाहेरून मोजून घातलेल्या नियंत्रण आरएनएचा आधार घ्यावा लागतो.

नॉर्मलायझेशननंतर प्रमुख घटक विश्लेषणाचा आलेख काढावा; एकमेकांसारखे नमुने त्यावर जवळजवळ दिसतात. त्यावर आठ नमुने बागेनुसार जोड्यांत बसलेले दिसले तर घाबरू नये. बागेचा परिणाम जीएपेक्षा मोठा असणे शक्य आहे आणि आपला आराखडा त्यासाठीच जोडीचा आहे. मात्र नमुने आरएनए काढण्याच्या दिवसानुसार गोळा झाले, किंवा एका बागेचे दोन गट उलट बाजूंना गेलेले दिसले, तर नळ्यांची अदलाबदल झाली नाही ना हे नोंदवहीत तपासावे.

यादी कशी काढावी

प्रत्येक जनुकासाठी बाग आणि उपचार असे दोन घटक असलेले रेषीय प्रतिरूप बसवावे. लिम्मा येथे एक उपयुक्त युक्ती करते: चारच जोड्यांवरून प्रत्येक जनुकाचे विचलन मोजले तर ते फार बेभरवशाचे येते, म्हणून ती सर्व जनुकांच्या विचलनांतून उसनी माहिती घेऊन प्रत्येकाचे विचलन सावरते. योगायोगाने फार कमी विचलन आलेली जनुके त्यामुळे यादीच्या माथ्यावर चढत नाहीत.

आता सर्वांत जास्त फसगत होणारी जागा. २० हजार जनुके तपासली आणि पी-मूल्य (फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.०५ पेक्षा कमी असलेली सगळी निवडली, तर जीएचा काहीही परिणाम नसतानाही सुमारे एक हजार जनुके निवडली जातील. म्हणून १९९५ मध्ये बेंजामिनी आणि हॉकबर्ग यांनी मांडलेली दुरुस्ती वापरावी. तिच्यात पाच टक्क्यांची मर्यादा घेतली तर अर्थ असा होतो की निवडलेल्या यादीतील सरासरी पाच टक्के जनुके खोटी असतील. केवळ ‘दुप्पट बदल’ हा निकष लावू नये. क्षीण चमकेच्या जनुकांत गोंगाटामुळेच दुप्पट फरक सहज येतो.

यादी हातात आली की प्रयोग चालला की नाही हे तपासण्याचा एक सुंदर मार्ग जीएच्या बाबतीत उपलब्ध आहे. वनस्पतीला बाहेरून जिब्रेलिन मिळाले की ती स्वतःचे उत्पादन आवरते: जिब्रेलिन तयार करणाऱ्या जीए२०-ऑक्सिडेझची जनुके मंदावतात आणि ते निकामी करणाऱ्या जीए२-ऑक्सिडेझची जनुके चढतात. ही माहिती आधीपासून असल्यामुळे यादीत या दोन गटांकडे प्रथम पाहावे. ते अपेक्षेच्या दिशेने सरकलेले नसतील तर नव्या जनुकांची कथा रचण्याआधी डिपिंगच्या द्रावणापासून सगळे टप्पे पुन्हा तपासावेत. त्यानंतर पेशीभित्तिका सैल करणारी एक्स्पान्सिनसारखी जनुके पाहावीत, मणी फुगण्याशी त्यांचा संबंध असणे स्वाभाविक आहे.

एकेका जनुकावरून गोष्ट सांगण्याऐवजी जीन ऑन्टॉलॉजीच्या, म्हणजे जनुकांच्या कामानुसार केलेल्या, वर्गांनुसार यादीचे विश्लेषण करता येते: यादीत पेशीभित्तिकेची जनुके अपेक्षेपेक्षा जास्त आहेत का, असा प्रश्न विचारायचा. येथे तुलनेची पार्श्वभूमी म्हणून द्राक्षाची सगळी जनुके घेऊ नयेत, पट्टीवर ज्यांचे प्रोब आहेत आणि मण्यात ज्यांची चमक मोजता आली तेवढीच घ्यावीत. ही चूक प्रसिद्ध निबंधांतही आढळते.

पडताळणी आणि मर्यादा

यादीतील सात-आठ जनुके निवडून क्यूपीसीआरने (एकेका जनुकाचे आरएनए स्वतंत्रपणे मोजणाऱ्या पद्धतीने) त्यांची पडताळणी करावी. शक्य असल्यास ती नव्या नमुन्यांवर, पुढील छाटणीच्या हंगामात करावी. त्याच आरएनएवर केलेली पडताळणी फक्त चिपची परीक्षा घेते. ॲक्टिन किंवा ईएफ१-अल्फा यांसारखी संदर्भ जनुके (ज्यांच्या तुलनेत इतरांचे प्रमाण मोजतात ती) निवडताना ती जीएने स्वतः बदलत नाहीत ना हे आपल्याच मापनांत आधी पाहून घ्यावे. क्यूपीसीआरमधील फरक सहसा मोठा येतो, कारण मायक्रोॲरेवर पार्श्वभूमीची चमक आणि अर्धवट जुळणाऱ्या प्रतींमुळे गुणोत्तरे दबलेली असतात. दिशा जुळणे महत्त्वाचे.

दोन मर्यादा निबंध लिहिताना विसरू नयेत. एका ॲरेवर अ जनुकाची चमक ब जनुकापेक्षा जास्त असली म्हणून अ चे एमआरएनए जास्त आहे असे म्हणता येत नाही, कारण प्रत्येक प्रोबची पकड निराळी असते. तुलना एकाच जनुकाची, दोन नमुन्यांमधली करावी. आणि मोजलेले आहे ते एमआरएनए. जिब्रेलिनचा मुख्य परिणाम डेला या वाढ रोखणाऱ्या प्रथिनांचा नाश घडवण्यातून होतो, आणि प्रथिन नष्ट झाले तरी त्याचे एमआरएनए जसेच्या तसे राहू शकते, म्हणजे या प्रयोगातील एक कळीची घटना चिपला थेट दिसतच नाही.

चिप घेण्याइतका निधी नसेल तर

कोठून सुरुवात करावी असे कोणी विचारले तर माझे उत्तर ‘दुसऱ्याच्या माहितीपासून’ असे असेल. अमेरिकेच्या एनसीबीआय संस्थेचा जीईओ हा संग्रह २००० पासून चालू आहे, युरोपात ॲरेएक्सप्रेस आहे, आणि दोन्हींत द्राक्षाचे अनेक अभ्यास कच्च्या फाइलींसह मोफत मिळतात. अभ्यास निवडताना प्रत्येक गटात किमान तीन जैविक नमुने आणि कच्च्या फाइली असल्याची खात्री करावी. नमुन्यांचे वर्णन वाचून त्यांचा आराखडा आधी कागदावर काढावा, कोणता घटक कशात मिसळला आहे ते शोधावे, मग वर सांगितलेल्या क्रमाने विश्लेषण करून आपली यादी मूळ निबंधातील यादीशी ताडून पाहावी. याद्या तंतोतंत जुळणार नाहीत. कोणत्या पायरीवरील निर्णयामुळे त्या वेगळ्या झाल्या हे शोधण्यात एक सत्र सहज जाते, आणि पदव्युत्तर प्रकल्प म्हणून ते पूर्ण काम आहे. त्याला लागतो तो संगणक आणि इंटरनेट.

स्वतःचा प्रयोग झाल्यास माहिती याच संग्रहांत जमा करावी. त्यासाठी २००१ मध्ये ठरलेला मियामे हा किमान माहितीचा संकेत पाळावा लागतो: नमुना कोठून, कसा आणि केव्हा घेतला, उपचार काय, आरएनए कसा काढला, ॲरे कोणता, नॉर्मलायझेशन कोणते. बागेतील नोंदवही नीट भरलेली असेल तर हा अर्ज एका दुपारी भरून होतो. बागायतदाराचे नाव आणि गट क्रमांक तेथे देऊ नयेत. तालुका, वाण, खुंट आणि छाटणीची तारीख पुरेशी असते.